फुल्या

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला चौघे बोलत असतात आणि एक जण ऐकत असतो. ऐकणारा अर्थातच मी. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी मात्र सगळेच एकदम गप्प झाले. त्याचे असे झाले की, चौथीतल्या आमच्या चिरंजीवांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवता बुडवता मला विचारले, "बाबा, ××× म्हणजे काय हो?"

या तीन फुल्यांमागे कोणता शब्द होता, ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखे नाही. चकलीचा तुकडा मोडत आजोबांपासून नातीपर्यंत सगळे हा अंक चाळणार. ज्यांना तो शब्द ठाऊक आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांची दिवाळी मी का बिघडवू? एवढेच सांगतो की, शब्द आईवरचा होता. आणि चिरंजीवांनी तो इतक्या निर्मळपणे उच्चारला, की धड्याखालच्या शब्दार्थांत तो छापायचा राहून गेला म्हणूनच जणू त्याला विचारावे लागत होते.

सौभाग्यवतींच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली. थोरली सातवीत आहे. ती ताटात बघून हसू दाबू लागली. म्हणजे तिला अर्थ ठाऊक होता! हा मला दुसरा धक्का. शांत होती ती फक्त माझी आई. "शिवी हाय ती. जेव," एवढे बोलून तिने नातवाच्या ताटात लोणच्याची फोड टाकली.

"कुठे ऐकलास हा शब्द?" मी विचारले. खरे म्हणजे विचारायला नको होते.

"मॅचला," तो म्हणाला. "तुमच्याबरोबर. सगळे म्हणत होते. तुम्ही माझे कान झाकले होते ना, तेव्हा."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांच्या संसारात अशा पाहण्याचा अर्थ शब्दकोशाशिवाय कळू लागतो.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. कोल्हापूर म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे अंबाबाईचे देऊळ येते, तांबडा-पांढरा रस्सा येतो, फार तर पैलवान येतो. फुटबॉल येत नाही. पण आमच्या पेठांत जाऊन पाहा. जिथे लाल मातीचा हौदा, तिथेच फुटबॉलचा संघ. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परगावचा माणूस लंगोट कसलेले गडी शोधू लागतो, आणि त्याला भेटतात गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेली पोरे. गणपती बसवायचा तो तालमीने, मोहरमचा पंजा बसवायचा तोही तालमीने, आणि दुपारी शाहू स्टेडियमवर पेठेची अब्रू राखायची तीही तालमीनेच. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या महिन्यात इथल्या गल्लीबोळांतल्या किती मुलांच्या बापांना बूट घ्यावे लागले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. मला दोन जोड घ्यावे लागले. थोरली तेव्हा एवढीशी होती, पण तिलाही हवे होते.

मला या वेडाची दीक्षा माझ्या वडिलांनी दिली. ते मिलमध्ये फिटर होते. सामन्याच्या दिवशी पाळी बदलून घेत, मला सायकलच्या नळीवर बसवून स्टेडियमवर नेत, आणि कागदाच्या पुडीत भडंग घेऊन देत. सामना रंगात आला की गॅलरीतून काही आरोळ्या उठत. त्या उठल्या रे उठल्या की वडिलांचे दोन्ही तळहात माझ्या कानांवर येत. खरबरीत हात, साबणाने कितीही धुतले तरी त्यांना यंत्राच्या तेलाचा वास यायचा. ते हात आले की मला कळे, आता ऐकण्यासारखे काहीतरी सुरू झाले आहे. आणि मी श्वास रोखून ऐके. त्या हातांतून आलेला एकही शब्द मी विसरलेलो नाही. आणि हे सगळे ठाऊक असूनही, मुलाला पहिल्यांदा सामन्याला नेले तेव्हा मी काय केले असेल? माझे हात आपोआप त्याच्या कानांवर गेले. माझ्या हातांना पोस्टर रंगांचा वास येतो, एवढाच फरक.

शिवी म्हटली की 'शिव शिव' करणारा हा मास्तर आहे, असे मात्र कोणी समजू नये. माझी आई राधानगरीकडच्या खेड्यातली. नातू धावत घरात शिरला की "मुडद्या, आधी पाय धू", मी उशिरा आलो की "मेल्या, जीव टांगणीला लावलास". तिने मला 'मेल्या' म्हणायचे सोडले तर मी डॉक्टरांना बोलावीन. आमच्याकडे दोन जुने दोस्त वर्षाने भेटले की त्यांची पहिली चार वाक्ये छापता येत नाहीत. ज्याच्याशी शुद्ध बोलतात तो परका समजावा. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पात्रांच्या तोंडी मी भरपूर शिव्या घातल्या आहेत आणि त्याला वास्तवता असे भारदस्त नाव दिले आहे. उलट शाळेत मी चित्रकला शिकवतो. मुतारीच्या भिंतीवर कोणी नको तो शब्द लिहिला की हेडमास्तर शिपायाला सांगतात, "चित्रकलेच्या सरांना बोलवा, रंग त्यांच्याकडे आहे." म्हणजे रात्री शब्द लिहायचे आणि दिवसा पुसायचे, अशी माझी दुहेरी नोकरी आहे.

त्या रात्री मी चिरंजीवांना काय अर्थ सांगितला? काहीच नाही. "मोठा झालास की कळेल," म्हणालो. शिक्षकाने देऊ नये असे जेवढे म्हणून उत्तर आहे, ते हे. कारण मोठी माणसे तरी तो शब्द अर्थ कळून कुठे वापरतात?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला. आमचे मराठीचे सर मिश्किल आणि बहुश्रुत आहेत. चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही उगाच हळवे होता. अहो, शिवी ही आपली परंपरा आहे! शिमग्याला आपण बोंब मारतो की नाही? तुकोबांनी काही अभंगांत काय भाषा वापरली आहे ती वर्गात वाचून दाखवाल? आणि बोरीचा बार विसरलात?"

बोरीचा बार मी विसरणे शक्य नव्हते. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावे आहेत. मध्ये एक ओढा. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करून, पदर खोचून एकमेकींना शिव्या देतात. भांडण नाही, तंटा नाही. वर्षाचा रिवाज म्हणून. बघायला लांबलांबून माणसे येतात. "आता बोला!" मराठीचे सर म्हणाले.

मला काही बोलता आले नाही. माझी उत्तरे नेहमी घरी पोचल्यावर तयार होतात. रंकाळ्यापर्यंत चालत आल्यावर मला सुचले, की अहो सर, त्या ओढ्याला दोन काठ आहेत! इकडून एक गेली की तिकडून दोन येतात. जिला शिवी मिळते तिलाही तोंड आहे, आणि ते ती चांगले वापरते. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, आणि संध्याकाळी सगळ्या आपापल्या चुलीपाशी. स्टेडियमवर तसे कुठे असते? तिथे गोलरक्षक जाळीपुढे पाठमोरा उभा असतो आणि त्याच्या मागे आम्ही हजार. त्याने तोंड उघडायचे नाही. उघडले तर पंच खिशातून कार्ड काढणार.

तरी मनाचे समाधान होईना. आपणच तेवढे असे, की जगात इतरांचेही हेच चालते, म्हणून मी थोडे वाचन केले. इंग्लंडने 1991 साली कायदाच केला: फुटबॉलच्या सामन्यात असभ्य किंवा वर्णद्वेषी घोषणा देणे हा गुन्हा. पण घोषणा कशाला म्हणायचे? तर किमान दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा उच्चारलेले शब्द. एकट्याने ओरडलेले त्यात बसत नव्हते. ही पळवाट बुजवायला त्यांना आठ वर्षे लागली; 1999 साली एकट्याचाही गळा कायद्यात आला. इस्तंबूलची हकिकत याहून मजेची. तिथल्या फेनरबाचे या संघाच्या प्रेक्षकांनी दंगा केला म्हणून रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा झाली होती. रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून 20 सप्टेंबर 2011 च्या सामन्याला फक्त स्त्रिया आणि बारा वर्षांखालची मुले यांनाच सोडले, तेही फुकट. एक्केचाळीस हजारांवर बायकापोरे आली! पाहुण्या संघाचे स्वागत टाळ्यांनी झाले, खेळाडूंनी गॅलरीत फुले फेकली. मला त्यात एकच गोष्ट टोचली. बायकामुलांना मैदानावर बोलावले ते पुरुषांना शिक्षा म्हणून.

आणि आपल्या मुंबईची गोष्ट तर अनेकांना आठवत असेल. 1 जून 2018 रोजी अंधेरीच्या मैदानात भारताने चिनी तैपेईचा पाच-शून्य असा पराभव केला. सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले, आणि ते बघायला माणसे होती 2,569. आमच्याकडे दोन पेठांच्या सामन्याला याहून अधिक माणसे नुसती झाडावर बसतील. दुसऱ्या दिवशी छेत्रीने लोकांना हात जोडून विनवले, की मैदानावर या. टीका करायची तर समोर येऊन करा, ओरडा, शिव्या द्या, पण या. 4 तारखेच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला तिकीट शिल्लक राहिले नाही. खेळाडूला शिव्यांपेक्षा रिकाम्या बाकांचे भय अधिक वाटते, हे मला त्यातून कळले. पण वाचता वाचता हेही ध्यानात आले, की त्या गड्याने शिव्या मागितल्या त्या स्वतःसाठी. आईसाठी मागितल्या नव्हत्या.

हे सगळे मी घरात सांगत असताना थोरली ऐकत होती. ती शाळेच्या मुलींच्या संघात उजव्या बगलेला खेळते. चेंडू पायात आला की तिला आई-बाप आठवत नाहीत. माझ्या मागे कित्येक दिवसांपासून तिचा लकडा होता, की मलाही सामन्याला न्या. मी टाळत होतो. पुढच्या रविवारी ती तयार होऊनच दारात उभी राहिली.

"अहो, तिला नका नेऊ," सौभाग्यवती आतून म्हणाल्या. "तिथली भाषा काय असते ती कळलीच आहे आपल्याला."

"मग छोट्याला कसं चालतं?" थोरलीने विचारले.

"तो मुलगा आहे."

"शिवी आईवरनं असते ना? मग त्याला काय आई नाही?"

कादंबरीकार म्हणून सांगतो, इतके बिनतोड वाक्य मला वीस वर्षांत लिहिता आलेले नाही. सौभाग्यवतींनी टोपी आणि पाण्याची बाटली आणून तिच्या हातात दिली, आणि आम्ही तिघे निघालो.

कोणत्या दोन संघांचा सामना होता ते मी लिहिणार नाही. मला याच गावात राहायचे आहे आणि दोन्ही पेठांतली मुले माझ्या वर्गात आहेत. आमच्या पेठेचा एक संघ होता, एवढे पुरे. उन्हे कलती झाली होती. आमच्या रांगेतल्या मंडळींनी थोरलीला बघून सरकून जागा दिली. "मास्तर, आज ताईसाहेबांना पण आणलंय व्हय? बसा, बसा," म्हणत एका काकांनी आपला रुमाल बाकावर झटकला. पहिली वीस मिनिटे आमची रांग लग्नाच्या पंगतीसारखी सभ्य होती. एकाच्या तोंडून अर्धा शब्द निसटला तर शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसले.

आणि काय सुंदर घोषणा चालल्या होत्या! मला त्याची खरोखर मौज वाटते. एक जण पुढे उभा राहतो, चेंडू टाकावा तसा शब्द टाकतो, आणि मागचे हजार जण तो झेलतात. आरतीत नाही का, कडवे एकाचे आणि धृपद सगळ्या गल्लीचे? समोरच्या आघाडीवाल्याने चेंडू गोलखांबांवरून आभाळात मारला की पुढचा ओरडतो, "बॉल कुठं गेला?" आणि अख्खी गॅलरी टाळ्यांच्या ठेक्यावर सांगते, "पंचगंगेला!" चिरंजीव तर बाकावर उभे राहून चेंडूला पंचगंगेला पाठवत होते. थोरलीही ओरडत होती. मला वाटले, उगाच घाबरलो आपण.

मग उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि समोरच्या संघाचा गोलरक्षक आमच्या गॅलरीपुढे येऊन उभा राहिला. मी त्याला ओळखले. माझाच विद्यार्थी. चित्रकलेत अगदी दगड. एलिमेंटरीची परीक्षा त्याने कशीबशी पार केली ती माझ्या शेपटाला धरून. त्याच्या वस्तुचित्रातली घागर नेहमी एका बाजूला कलंडलेली असायची. पण हात मोठे होते पोराचे. त्याने आमच्या संघाचा एक चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, पाच मिनिटांनी दुसरा पायाने अडवला, आणि आमच्या गॅलरीचे डोके फिरले.

ठेका तोच होता. टाळीही तीच. शब्द तेवढे बदलले. "बॉल कुठं गेला" च्या जागी त्या मुलाचे नाव आले, आणि पंचगंगेच्या जागी त्याची आई आली. हा बदल इतका सफाईने झाला, की बाकावर उभे राहिलेले चिरंजीव टाळी न चुकता पहिल्या घोषणेतून दुसरीत गेले. त्यांना कळलेच नाही. मुलांच्या तोंडी ठेका आधी बसतो. पाढे आपण त्यांना असेच तर शिकवतो.

थोरली मात्र थांबली. ती त्या पाठमोऱ्या मुलाकडे बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन तिने विचारले, "बाबा, हे सगळे त्याच्या आईला ओळखतात?"

हे सगळे ओळखत नव्हते. मी ओळखत होतो. कपिलतीर्थ मंडईत ती बाई भाजी विकते. माझ्या घरची मेथी गेली कित्येक वर्षे तिच्याकडूनच येते. मुलाच्या निकालाच्या दिवशी ती हात पदराला पुसत शाळेच्या दारात उभी राहायची, आत यायला संकोचायची.

मी मुलाला खाली बसवायला हात पुढे केला, आणि नेमक्या त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. लागला की लावला, यावर आमच्या पेठेत अजून वाद आहे. पंचांनी शिट्टी फुंकून पेनल्टीकडे बोट दाखवले. पुढचे मला नीट आठवत नाही. एवढे आठवते, की मी बाकावर उभा होतो, माझी मूठ हवेत होती, आणि पंचांना उद्देशून माझ्या तोंडून एक शब्द गेला. पंचेचाळीस मुलांचा वर्ग मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजाची मला सवय आहे. त्या आवाजात गेला. तोच शब्द, तीन फुल्यांचा.

"वा मास्तर!" रुमाल झटकणारे काका म्हणाले. "आज फॉर्मात!"

मी खाली पाहिले. थोरली माझ्याकडे बघत नव्हती. ती भावाच्या मागे उभी होती आणि तिने आपले दोन्ही हात त्याच्या कानांवर घट्ट दाबून धरले होते.

पेनल्टीवर गोल झाला, आम्ही एक-शून्य हरलो. परतताना कोणी बोलले नाही. चिरंजीवांनी भडंगाची पुडी घरापर्यंत तशीच आणली. घरी सौभाग्यवतींनी विचारले, "कशी झाली मॅच?" थोरली म्हणाली, "हरलो." आणखी काही सांगितले नाही. मुलांनी आपल्याला सांभाळून घेतले की बापाला बरे वाटत नाही, हे मला त्या रात्री कळले.

सकाळी भाजी आणायला मी मंडईत गेलो. पिशवी धरायला थोरली आली. वास्तविक दुसऱ्या कोणाकडून भाजी घेऊन परतावे असे मनात होते, पण त्या बाईनेच लांबून हाक मारली.

"मास्तर, काल पोरगं तुमच्या पेठेला भारी पडलं म्हणं!"

"व्हय, पडलं की," मी म्हणालो. "दोन चेंडू असे अडवले त्यानं, की विचारू नका."

"तुम्ही हुता न्हवं? मग सांगा की. कसा उडी मारतो? लोकं टाळ्या वाजवत्यात व्हय?"

"वाजवतात."

"मला बगायचं हाय हो एकदा. पण न्हाई म्हणतो. म्हणतो, आई, उन्हात कशाला बसतीस, आणि तिकिटं संपत्यात. पाच वर्सं झाली बगा, तिकिटं संपत्यात."

ती मेथीच्या जुडीची मुळे तोडत होती. तिला सगळे ठाऊक होते आणि ती मुलाचा मान राखत होती, की तिला खरोखरच काही ठाऊक नव्हते, ते तिच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आले नाही. माणसांचे चेहरे काढायला शिकवणारा मी; पण नाही ओळखता आले.

"मावशी, आमच्याबरोबर या," थोरली म्हणाली. "आम्हाला मिळतात तिकिटं."

बाईने माझ्याकडे पाहिले. मी मेथीकडे पाहिले.

"पोराला इचारते," ती म्हणाली, आणि थोरलीच्या पिशवीत तिने कोथिंबिरीच्या चार काड्या जास्तीच्या टाकल्या.

मोसम संपला, पाऊस आला. जुलैत एकदा तो मुलगा रस्त्यात भेटला. गाडी थांबवून, उतरून, वाकून नमस्कार केला. खेळाडूंना हे वळण अजून आहे. मी म्हणालो, "अरे, आईला एकदा सामन्याला घेऊन ये की."

तो हसला. "बघू, सर. पुढच्या मोसमात." मग जरा थांबून म्हणाला, "तिथं उभं राहिलं की मागचं सगळं ऐकू येतं, सर. शब्दन् शब्द. माणसं तेवढी ओळखू येत नाहीत, ते बरं असतं. त्या दिवशी तुमचा आवाज मात्र ओळखला. वर्गातला आवाज हो, ओळखणारच." आणि माझी अवस्था बघून त्यानेच मला धीर दिला, "ती रेफ्रीला होती, सर. मला ठाऊक आहे."

एवढे बोलून तो गेला. मी बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा होतो. त्याची कलंडलेली घागर मी लाल पेन्सिलीने किती वेळा खोडली होती, ते आठवत होते.

आता पाऊस सरला आहे. दिवाळी झाली की तालमींची पोरे सरावाला उतरतील आणि पुन्हा सामने सुरू होतील. थोरलीने भाऊबीजेच्या ओवाळणीचा हिशेब आधीच मांडला आहे. ओवाळणी चिरंजीव घालणार, म्हणजे माझ्याच खिशातून जाणार. पण पैसे तिचे. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर तिने कागद चिकटवला आहे: 'तिकिटे, चार'. चौथे कोणाचे, हे सौभाग्यवतींनी विचारले नाही. मेथीबरोबर येणारी कोथिंबीर बघून त्यांना कळले असावे. मावशींनी अजून हो म्हटलेले नाही.

चिरंजीवांचे वेगळेच चालले आहे. समोरच्या संघाच्या गोलरक्षकासाठीसुद्धा एखादी घोषणा हवी, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. कारण तो बाबांचा विद्यार्थी. रोज संध्याकाळी अंगणात उभे राहून ते ती जुळवतात. अजून यमक नीट बसलेले नाही, टाळी मात्र जोरात आहे. काल त्या टाळीच्या भरात हात आकाशकंदिलाला लागला, आणि आतून माझ्या आईचा आवाज आला, "मुडद्या, कंदील पाडशील!"